दोन टिचक्या

आमच्या घरात अजून लँडलाइन आहे. सून म्हणते, "आई, यावर फक्त विमा विकणाऱ्यांचे फोन येतात." खरंच आहे ते. पण मी तो फोन काढू देत नाही. त्याला कारण यमुनाताई घुले. आणि गंमत अशी की, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनीच मला वेड्यात काढलं असतं. "आगं मालू, कोण वापरतंय आता ते डबडं!" असं म्हणाल्या असत्या. जुन्याला कवटाळून बसणं त्यांना कधी जमलं नाही. मला दुसरं काही जमलं नाही.

आम्ही दोघी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे नंबर नोंदवायचा. मग आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला गाठायचं, दोरीच्या टोकाची पिन बोर्डावरच्या भोकात खुपसायची आणि दोन गावं जोडून द्यायची. सकाळी नोंदवलेला कॉल दुपारपर्यंत लागला तर लोक पेढे वाटायचेच बाकी राहत.

यमुनाताई आल्या तेव्हा मला तिथं तीन वर्षं झाली होती, म्हणजे मी स्वतःला फार मुरलेली समजत होते. अंगावर हिरवी पाचवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातात गुलछडीची जुडी. नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणी फुलं घेऊन येतं का? "घरच्या रानातली हायेत," म्हणाल्या आणि माठाशेजारच्या तांब्यात ठेवून मोकळ्या झाल्या. हडपसर तेव्हा पुण्याबाहेरचं गाव होतं. घुल्यांच्या घरातली मॅट्रिक झालेली ही पहिली सून. मी मनात म्हटलं, झालं! ही बाई महिनाभर टिकत नाही.

आमच्या सुपरवायझर साठेबाईंचा असा समज होता की, पुणं शुद्ध बोलतं ते केवळ त्यांच्या धाकामुळे. त्यांनी यमुनाताईंचं पहिलंच वाक्य ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो घुले, 'लाइन चालू हाय' काय? असं बोललात तर लोक फोन खाली ठेवतील."

मला वाटलं, आता ही रडणार नाहीतर भांडणार. आमच्या पेठेत एवढ्यावरून दोन पिढ्यांचा अबोला झाला असता. यमुनाताई म्हणाल्या, "शिकते की. न्हाई जमलं तर सांगा मला. बगू तरी!"

हे 'बगू तरी' मी पुढं चाळीस वर्षं ऐकलं. कोणतीही नवी गोष्ट समोर आली की माझ्या तोंडून आधी 'छे!' निघायचं आणि त्यांच्या तोंडून 'बगू तरी'.

त्यांनी बोर्डावरची वाक्यं कागदावर उतरवून घेतली आणि बसस्टॉपवर उभ्या राहून पाठ करायला सुरुवात केली. एकदा त्या डोळे मिटून मोठ्यानं म्हणाल्या, "नमस्कार, आपण कुठून बोलत आहात?" शेजारी उभ्या असलेल्या फेटेवाल्या बाबांनी उत्तर दिलं, "मी मांजरी गावचा हाय बाई, पर तुमी डोळं का मिटल्यात?" हा किस्सा त्यांनीच आम्हाला जेवणाच्या सुट्टीत सांगितला आणि सगळ्यात जास्त त्याच हसल्या.

दोन महिन्यांत त्यांना दोन भाषा झाल्या. कानावर हेडफोन चढला की 'आपण' आणि 'कृपया', उतरला की 'आगं' आणि 'हाय'. आणि आवाज असा की काय सांगू! नुकतंच उतरवलेलं दूध असतं ना, तसा ऊबदार आणि दाट. मंडईत त्यांनी कोथिंबिरीचा भाव विचारला तरी एखादे गृहस्थ मागं वळून म्हणत, "अहो, तुम्ही ट्रंकवाल्या ना?" साठेबाईंनी शेवटी हात टेकले. पण कौतुक करतील तर त्या साठेबाई कसल्या? "बरं बोलता आताशा," एवढंच म्हणाल्या.

एका बाबतीत मात्र यमुनाताईंनी कुणाचं ऐकलं नाही. नियमाप्रमाणे आम्ही सांगायचं, "लाइन मिळत नाही." त्या कायम म्हणायच्या, "अजून मिळाली नाही." साठेबाई रागवायच्या. "लोक आशेवर बसतात, घुले." त्यावर यमुनाताईंचं उत्तर ठरलेलं, "बसू द्या की. आपुन प्रयत्न करतोयच न्हवं?"

आणि दुसरी त्या टिचक्यांची सवय. एखाद्याला लाइनवर थांबवून पुढची गावं जोडत असताना त्याच्याशी बोलत बसता येत नसे. समोरच्याच्या कानात नुसती खरखर. वाट पाहून पाहून त्याला वाटायचं, फोन मेला, आणि तो रिसीव्हर ठेवून द्यायचा. मग सगळं पहिल्यापासून. यमुनाताईंनी त्यावर तोड काढली. दर मिनिटाला त्या तोंडासमोरच्या माइकवर नखानं दोन टिचक्या मारायच्या. टक, टक. म्हणजे, मी आहे, फोन ठेवू नका. त्यांचे नेहमीचे लोक ती खूण ओळखायला लागले होते.

बुधवार पेठेत घड्याळांच्या दुरुस्तीचं दुकान असलेले शेखचाचा त्यातलेच एक. त्यांची धाकटी मुलगी सोलापूरला दिली होती. तिचे दिवस भरले होते, पहिलीच खेप, आणि दवाखान्यातून तार आली की बाळ आडवं आहे, ऑपरेशन करताहेत. नेमकी त्याच दिवशी सोलापूरची लाइन तुटलेली. मी दोनदा पिन लावून पाहिली आणि नियमातलं वाक्य सांगून मोकळी झाले. पलीकडे चाचा नुसते "बेटी, बेटी" करत होते.

"इकडं दे त्यांना," यमुनाताई म्हणाल्या. आणि मग ती बाई सुटलीच. सोलापूर सरळ मिळत नाही ना? मग मुंबईला गाठलं. मुंबईच्या बाईला गोड बोलून हैदराबाद मागितलं. हैदराबादवाली हिंदीत खेकसली, तिच्याशी आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत बोलून तिच्याकडून गुलबर्गा मागितलं. गुलबर्ग्याहून सोलापूर. चार बायकांच्या हातातून सूत फिरवून तासाभरानं त्या सोलापूरच्या दवाखान्यात पोचल्या. ड्यूटी कधीच संपली होती, शेवटची सोयीची बसही गेली होती. आणि त्या तासभरात दर मिनिटाला टक, टक. आई आणि बाळ दोघंही सुखरूप निघाली. चाचा तिकडे रडत होते आणि मी इकडे. यमुनाताई हेडफोन काढून म्हणाल्या, "मालू, रडतीस काय? च्या सांग."

ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांचा असायचा. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये शिरून विचारायचं, "तीन मिनिटं झाली. चालू ठेवायचं?" हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा तोंडून जायचं की ते घरीही सोबत यायचं. यमुनाताईंच्या घरी एकदा त्यांचे चुलतसासरे येऊन बसले आणि सुनांनी नोकऱ्या केल्यानं भावकीची कशी अब्रू जाते यावर बोलत सुटले. रामभाऊ, म्हणजे यमुनाताईंचे यजमान, खाली मान घालून ऐकत होते. यमुनाताई चहा घेऊन बाहेर आल्या आणि अगदी बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. चालू ठेवायचं?" मुद्दाम नव्हे हो, सवयीनं! म्हातारबुवा चहा न घेता उठले. रामभाऊ मात्र पुढं कितीतरी दिवस एकटेच हसत होते म्हणे.

मग एक दिवस नोटीस लागली. आता लोक घरूनच नंबर फिरवून परगावी बोलणार, आमचा बोर्ड बंद होणार. मी तर अंथरूणच धरायची बाकी होते. "आपलं काही खरं नाही, यमुनाताई."

"बगू तरी काय हाय ते यंत्र," म्हणाल्या आणि डबा न खाताच वरच्या मजल्यावर गेल्या. तासाभरानं परत आल्या त्या जत्रा बघून आल्यासारख्या. "आगं, तिथं बाईच न्हाई! आपोआप खटाखटा जोडतंय. लई आवडलं मला."

मी भडकलेच. "ज्यानं आपली खुर्ची काढून घेतली ते तुम्हाला आवडलं?"

त्या आपल्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "मालू, शेखचाचाला आता तासभर ताटकळायला नको."

त्यांचा न उघडलेला डबा मी त्यांच्यापुढं सरकवला.

बोर्ड बंद झाला त्या दिवशी आम्ही सगळ्या रडलो. यमुनाताईंनी बोर्डाला हळदकुंकू लावलं, गुलछडी वाहिली आणि दुसऱ्या दिवशी चौकशी विभागात नाव दिलं. तिथं कॉम्प्युटरवर लोकांचे नंबर शोधून सांगायचे होते. माझं नाव मला न विचारताच दिलं होतं. मी महिनाभर त्यांच्याशी तुटक बोलत होते. मग तेही काम मला जमलं, हे कबूल करायला आणखी एक महिना घेतला.

पुढं काही वर्षांनी त्यांचा घसा बसला. आम्हाला वाटलं, सर्दी. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. आवाज खरखरतच गेला. चार महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की गाठ आहे आणि चांगली नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल.

त्यांचाच आवाज! मला देवाचा इतका राग आला की मी आठवडाभर घरातल्या देवांना फूल वाहिलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी नावांची एक यादी केली आणि वॉर्डच्या सिस्टरना विचारून दुपारभर फोन करत बसल्या. माहेरी भावाला, साठेबाईंना, शेखचाचांना. चौकशीच्या माझ्या लाइनवर शेवटचा फोन आला. मी सवयीनं म्हटलं, "नमस्कार, कोणाचा नंबर हवाय?"

"तुजाच," पलीकडून तो घोगरा आवाज आला. "मालू, माझं बोलून झालं. आता तू बोल. मला ऐकायची सवय लागू दे."

मी काय बोलले असेन? आमच्याकडे पाणी आलं नव्हतं, त्यावर बोलले. डोळ्यांना धार लागली होती आणि मी नळाबद्दल बोलत होते. त्या ऐकत होत्या.

ऑपरेशन नीट झालं. पण नंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. यमुनाताई विझल्या. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. रामभाऊंनी पाटी-खडू आणून ठेवले, त्यांना हात लावायच्या नाहीत. घरातल्या फोनवर त्यांनी टॉवेल टाकला होता. दवाखान्यात शिकवणाऱ्या बाई येतात, अन्ननलिकेतून हवा वर आणून बोलता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं; यमुनाताई जायला तयार नव्हत्या. मी रविवारी हडपसरला गेले की रामभाऊ दारातच सांगायचे, "बगा तुमाला काय जमतंय का. माजं ऐकंना झालीय."

मला काय जमणार? मी आयुष्यभर 'छे' म्हणणारी बाई. उमेद द्यायचं खातं आमच्यात त्यांच्याकडे होतं. मी जायची, उशाशी बसायची, घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालायची आणि परत यायची.

असे चार-पाच रविवार गेले. मग एका दुपारी त्यांनी कूस बदलली, पाटी ओढली आणि लिहिलं, "संपलं. तू येत जाऊ नको." आणि रडायला लागल्या. माणूस आवाजाशिवाय रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. नुसता श्वास फुसफुसतोय, खांदे हलताहेत, आणि बाकी खोलीत काही ऐकू येत नाही. पाठीवरून हात फिरवावा तर ते आमच्या घराण्यात कुणी शिकवलेलं नाही. धीराचे चार शब्द आठवेनात. मी घड्याळाकडे बघत बसले. आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून बोर्डावरच्या आवाजात निघालं,

"तीन मिनिटं झाली. चालू ठेवायचं?"

बोलले आणि जीभ चावली. खांदे आणखी जोरात हलायला लागले. मला वाटलं, संपलं, आपण या बाईला पार मोडून टाकलं. खाली वाकून पाहते तर त्या हसत होत्या! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंड उघडून बिनआवाजाचं ते हसणं. मीही हसायला लागले. रामभाऊ पळत आत आले आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत उभे राहिले.

हसू ओसरल्यावर यमुनाताईंनी पदरानं तोंड पुसलं. पाटीवरचं लिहिलेलं हातानं पुसून टाकलं. मग कोऱ्या पाटीवर नखानं दोन टिचक्या मारल्या. टक, टक.

पुढच्या आठवड्यात त्या बोलणं शिकायला गेल्या. सोपं नव्हतं ते. हवा गिळायची, ती वर आणायची आणि ढेकरासारख्या आवाजात शब्द बसवायचा. अक्षर अक्षर जोडत त्यांचे सात महिने गेले. त्या काळात मी सकाळची पाळी करून घरी आले की रोज चारच्या सुमारास माझ्या घरचा हाच फोन वाजायचा. उचलला की टक, टक. मग मी दिवसभराच्या बातम्या द्यायच्या. सासूबाईंचे गुडघे, कर्वेनगरला घेतलेलं नवं घर, तिथं पाहुणे यायला कसे कंटाळतात, सगळं. मध्येच मी विचारायची, "चालू ठेवायचं?" पुन्हा टक, टक. आणि एक दिवस टिचक्यांनंतर आवाज आला. बेडूक बोलावा तसा. "मा... लू." मला रडूच फुटलं. त्यावर त्यांनी सगळा दम गोळा करून दुसरा शब्द काढला, "च्या."

गळ्यावर श्वासासाठी भोक ठेवलेलं असतं, ते झाकायला त्या छोटा रुमाल बांधायच्या. प्रत्येक साडीच्या जोडीचा रुमाल शिवून घेतला होता. "म्या... चिंग," म्हणायच्या. मोबाइल आले तेव्हा आमच्यात पहिला त्यांनी घेतला आणि मला मेसेज पाठवून पाठवून हैराण केलं. रानातून रस्ता गेला, रानाच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा रामभाऊ हळहळत होते. या बाई उरलेल्या तुकड्यात गुलछडी लावून त्या काचेच्या इमारतीतल्या पोरींना विकत होत्या. त्या पोरींची इंग्रजी-मराठीची खिचडी त्यांना भारी आवडायची.

आणि दर गुरुवारी त्या आपलं ऑपरेशन झालं त्या वॉर्डात जायच्या. ज्यांचा आवाज जाणार आहे किंवा गेलाय, अशा माणसांच्या उशाशी बसायला. कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता. शेवटच्या गुरुवारी मी बरोबर होते, कारण त्यांना दम लागायला लागला होता आणि रामभाऊंनी मला गळ घातली होती.

मंडईत भाजी विकणाऱ्या ताराबाईंचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. पन्नाशीची धट्टीकट्टी बाई, पण लहान मुलासारखी हमसत होती. "अवो, वरडल्याशिवाय माजी मेथी कोन घेनार? मुकीनं धंदा करायचा का? कसं व्हायचं माजं?"

मी आपली म्हणणार होते की, होईल सगळं ठीक. यमुनाताईंनी मला हातानं थांबवलं. गळ्यावरचा जांभळा रुमाल सारखा केला, हवा गिळली. दोन शब्दांत खूप वेळ गेला.

"बगू... तरी."

ताराबाई रडायची थांबली आणि बघतच राहिली. हा असला आवाज, आणि तो काढणारी बाई हसतेय! मग तिनं त्यांचा हात धरला आणि बोलायला सुरुवात केली. मेथीबद्दल, लेकीबद्दल, गाळ्याशेजारच्या भांडखोर बाईबद्दल. एका दिवसात सगळं बोलून टाकायचं असल्यासारखी. मी चहा सांगायला उठले. दारातून वळून पाहिलं तर यमुनाताई स्टुलावर बसल्या होत्या, बोर्डावर बसायच्या तशाच, डोळे मिटून, मान जरा कलती. मोकळा हात खाटेच्या लोखंडी कडेवर होता. आणि थोड्या थोड्या वेळानं, टक, टक.

मी त्यांना नीट पाहिलं ते शेवटचं. मंगळवारी पहाटे त्या झोपेतच गेल्या.

गुरुवारी मी वॉर्डात गेले. का गेले ते मलाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी ताराबाईला सांगायला हवं होतं, एवढंच डोक्यात होतं. ती उशीला टेकून बसली होती, गळ्याला बँडेज. मला एकटीला पाहून तिनं माझ्या मागं दाराकडे नजर टाकली. मी स्टुलावर बसले. काय सांगायचं ते बसमध्ये घोकलं होतं, त्यातला एक शब्द बाहेर येईना. आमच्या दोघींत बोलता येणारी मी, आणि मीच मुकी होऊन बसले.

ताराबाईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला कळलं. मग तिनं हात पुढं केला आणि खाटेच्या कडेवर नखानं दोन टिचक्या मारल्या.